सुनयनाच्या चपला

हे खरं हाय. हसायचं असल तं आत्ताच हसून घ्या, मंग मधात कोणी बोलू नका.

अन् रात्रीची गोष्ट नाही बरं. भर दुपारची. या मार्चमधला दुसरा रविवार. आदिलाबाद. कापसाच्या जुन्या जिनिंगच्या मागची गल्ली.

झालं ते शुभांगीताईसोबत. माह्या मामाची पोरगी, आदिलाबादजवळ गुडीहत्नूरले राह्यते. मामा मास्तर हायत. घरात भुताचं नाव जरी काढलं तं भडकतात. म्हणतात, शिकल्या-सवरल्या घरात ही भाषा नाही. म्हणून तिनं घरी कोणाले सांगतलंच नाही. फक्त मले सांगतलं.

तं ताईची एकच जिवाची मैत्रीण, सुनयना. आदिलाबादची. कॉलेजात तीन वर्षं दोघी एकाच बेंचवर. पण मागचे आठ महिने सुनयना गायब. फोन उचलणं नाही, मेसेजले उत्तर नाही. ताई लय रडली होती. आपलं काय चुकलं तेच तिले समजत नव्हतं.

अन् त्या शनिवारी सुनयनाचाच फोन.

"शुभे, उद्या ये ना. आपण आदिलाबाद फिरू, टुरिस्टावानी. लोकं गोव्याले जातात, आपण जिनिंगच्या मागं जाऊ."

ताई नाचतच गेली.

बसस्टँडवर पाहते तं सुनयनाचे गाल बसलेले, डोळ्याखाली काळं. पण हसून राह्यली होती. पायात लाल फुलाच्या चपला. ताईले तशा लय आवडायच्या.

"घाल," सुनयना म्हणे. "आजच्या दिवस माह्या तू घाल, तुया मी घालते."

"काऊन वं?"

"आवडतात ना तुले? मंग नखरे काऊन करते?"

दोघींचा पाच नंबर. ताईच्या पायात बरोबर बसल्या.

मंग काय, दोघींनी गॉगल लावले. मिरची भजी खाल्ली, बांगड्या घेतल्या. सुनयनानं पाण्याच्या बाटलीचा माईक केला अन् गाईड झाली.

"देवियों और सज्जनों, बाएँ हाथ पर देखिए... निजामाच्या काळापासून न उपसलेली नाली."

ताईचं पोट दुखलं हसून. तिले वाटलं, आली. माही सुनी परत आली.

असं करत करत दोघी जिनिंगच्या मागं गेल्या.

तीन वाजले असतील.

गल्लीत वळल्या... अन् आवाज बंद.

रविवार असून कोणाच्या घरी टीव्ही नाही. पोरं नाहीत. कुत्रं नाही. ऊन तेवढं होतं.

कामगारांच्या जुन्या खोल्या, एका रांगेत आठ. सातले कुलूप. आठवीचं दार उघडं.

आतून मात्र घर भरल्यासारखा आवाज. कुकरची शिट्टी. भांडे. कोणी बाई हसून राह्यली होती.

दारात चपलाची रांग. एक मर्दानी बूट, एक नायलॉनची चप्पल, एक लेकराची... सगळ्यावर धूळ.

"इथं एक मावशी राह्यते," सुनयना म्हणे. "पाणी मागू. तू हो पुढे, माहं बक्कल अडकलं."

ताईनं त्या लाल फुलाच्या चपला रांगेच्या शेवटी काढल्या अन् आत गेली.

खोलीत कोणी नव्हतं.

पंखा फिरत होता. सतरंजी अंथरलेली. पाण्याचे गिलास भरून ठेवलेले. आवाज आतल्या खोलीतून येत होता. ताईनं पडदा सरकवला...

तिथंबी कोणी नाही. आवाज आता त्या खोलीच्याबी पलीकडून.

पण पलीकडे तं भिंत होती.

"मावशी?"

कुकर थांबला. हसणं थांबलं. पंखाबी थांबला.

अन् भिंतीकडून, एकदम मायेनं, आवाज आला...

"आली का सुनी?"

ताई म्हणे, "मी सुनी नाही. मी शुभांगी."



मंग...

"चपला तं सुनीच्या हायत."

दार तिथून दिसतबी नव्हतं.

ताई पळाली. बाहेर आली तं गल्ली मोकळी. सुनयना नाही. ताईच्या चपला घालून ती गेली होती.

अन् लाल फुलाच्या चपला शेवटी नव्हत्या. रांगेच्या मधात होत्या. बाकीच्यांनी सरकून जागा दिल्यासारख्या.

डांबर तापलेलं. ताईनं काही विचार न करता त्याच पायात घातल्या अन् बसस्टँडपर्यंत धावत सुटली.

रात्री सुनयनानं एकदाच फोन उचलला.

"काऊन केलं वं असं?" ताईनं विचारलं.

सुनयना म्हणे,

"मलेबी कोणी तरी ह्याच चपला घालायले लावून असंच फिरायले नेलं होतं. आठ महिने सहन केलं, शुभे. दुसऱ्या कोणाच्या पायात बसतच नव्हत्या."

"अन् माह्या पायात बसतात, म्हणून मी?"

फोन कट. तेव्हापासून नंबर बंद.

ताईनं त्या चपला भंगारवाल्याले देल्या. दुसऱ्या दिवशी तीन वाजता त्या परत ताईच्या दारात. तोंड रस्त्याकडे करून.

रोज तीन वाजता तिच्या घरात शिट्टी होते, गॅस बंद असताना. भिंतीतून आवाज येते. आता "शुभे" म्हणून.

तुम्हाले वाटल, ताईच्या मनाचे खेळ. मलेबी वाटलं होतं.

पण मागच्या आठवड्यात मामा शाळेतून लवकर आले. मी तिथंच होती, अंगणात. मामा दारात थबकले अन् म्हणाले, "पाहुणे कोण आले? एवढ्या चपला?"

मी वळून पाह्यलं. दारात एकच जोड होता.

मामाले विचारलं तं चष्मा पुसत बसले. त्या दिवशी जेवलेबी नाहीत.

ताई तं निम्मी झाली. गाल बसले. माह्याशी बोलणंबी सोडलं होतं.

काल मात्र ती आमच्या घरी आली. कितीक दिवसांनी हसली. माह्यासाठी पिशवीत त्या लाल फुलाच्या चपला आणल्या होत्या. स्वच्छ धुतलेल्या.

"घालून तं पाह्य," म्हणे. "अन् रविवारी चल ना आदिलाबादले. फिरू, टुरिस्टावानी."

तिनं मले सगळं सांगतलेलं हाय. मले सगळं माहीत हाय, हे तिलेबी माहीत हाय. तरी ती हसून राह्यली होती, अन् डोळ्यातून पाणी.

मी घालून पाह्यल्या.

बरोबर बसल्या.

उद्या रविवार हाय. माही ताई हाय ती, लहानपणी मले कडेवर घेऊन फिरायची. मी अजून हो म्हटलं नाही...

पण नाहीबी म्हटलं नाही.