खडकामागचा झाडू

सिडनीच्या क्वेकर्स हिल उपनगरात यामिनीच्या शेजारी कार्मेना राहायची. सत्तरी ओलांडलेली, माल्टाजवळच्या गोझो बेटावरची. तिचं माहेर मिठागरवाल्यांचं. खडकातल्या उथळ खाचांत समुद्राचं पाणी भरायचं, उन्हाने ते आटलं की मीठ झाडून घ्यायचं. सिडनीला आल्यावरही ती आणि तिचा नवरा सालू दर उन्हाळ्यात साउथ कोस्टच्या खडकांवर घरापुरतं मीठ पिकवायचे. मागच्या हिवाळ्यात सालू गेला. कार्मेनाला गाडी चालवता येत नव्हती, गुडघेही दुखायचे. म्हणून या उन्हाळ्यात, फेब्रुवारीत, यामिनीच तिला घेऊन जाऊ लागली. आई पुण्यात, निदान शेजारची तरी सांभाळावी, एवढंच तिच्या मनात.

त्या शनिवारी खळग्यांत छान मीठ धरलं होतं. कार्मेना वर खुर्ची टाकून बसली आणि यामिनी खाली उकिडवी बसून झाडू लागली. टळटळीत दुपार, वारा पडलेला, शेवाळाचा उग्र वास. सर्र... सर्र... ऐकता ऐकता तिला जाणवलं, आवाज दोनदा येतोय. तिने हात थांबवला. मोठ्या खडकामागे झाडू चालूच होता. संथ, सवयीच्या हाताचा.

कोण आहे बघायला ती खडकाला वळसा घालून गेली. तिथे कुणीच नव्हतं. लख्ख झाडलेला खळगा आणि मधोमध मिठाची ताजी रास. तेवढ्यात मागे लाट फुटली. यामिनी मघाशी बसली होती ती जागा पाण्याखाली गेली. झाडू, बादली, सगळं लाटेने ओढून नेलं.

वर येऊन तिने सगळं सांगितलं. कार्मेनाने तिचे हात आपल्या हातात घेतले.

"ती बाजू सालूची, लव्ह..."

पुढच्या शनिवारी यामिनी निघणार, इतक्यात कार्मेनाचा फोन आला. मागे समुद्र गाजत होता.

"आज नको येऊस... मला लिफ्ट मिळाली."

कुणाची, ते तिने सांगितलं नाही.

यामिनी दिवसभर खिडकीशी होती. दारात एकही गाडी थांबली नाही, तरी संध्याकाळी शेजारच्या स्वयंपाकघरात दिवा लागला. ती धावत गेली. भिंतीला मिठाची दोन ओली पोती टेकवलेली. तिने एक उचलायला पाहिलं, ते जागचं हललं नाही. कार्मेना चहा करत होती. उन्हाने गाल लाल झालेले, कितीतरी महिन्यांनी खुशीत.

"दमली असशील," यामिनी कशीबशी म्हणाली.

"मी कुठे काही केलं..."

आत बाथरूममध्ये कुणीतरी सावकाश हात धूत होतं. मग नळ बंद झाला.