तेरावा पाय

हसा, हसा. बाहेरचं गवत बेटावर रुजू नये म्हणून बुटाच्या शिवणीत अडकलेलं बी सुईने काढायला लावलं की हा म्हातारा मर्डो तुम्हाला खडूस वाटतो. सकाळी कॅम्पबेल बेटावर उतरायचंय ना? मग नेव्हिलची गोष्ट ऐका. ब्लफ बंदराचा होता, माझ्याच बोटीवर कामाला. खोटं सांगून मला काय मिळणार?

चौदा जानेवारीची रात्र, नऊ वाजून दहा मिनिटं. सहा जण बेटावर उंदरांचे सापळे तपासून परतले होते. नेव्हिलकडे तेव्हा तेच काम होतं जे आता माझ्याकडे आहे. बोटीवर चढायच्या शिडीच्या पायथ्याशी बुटक्या स्टुलावर बसायचं. येईल त्याने कठडा धरून औषधाच्या टबात एकेक पाय ठेवायचा, याने मान खाली घालून घासायचा. मग गुडघ्यावर थाप आणि "झालं, जा वर." ती थाप पडल्याशिवाय कॅप्टनसुद्धा आत पाऊल टाकत नाही.

तिथली घाण तुम्ही अजून बघितली नाहीत. कात टाकणारे हत्ती-सील आपल्याच मुतात आणि शेणात आठवडेच्या आठवडे लोळतात. पेट्रेल म्हणून समुद्रपक्षी असतो, त्याच्या पिल्लाजवळ गेलं की ते कुजक्या माशाचं तेल अंगावर ओकतं. नेव्हिलला या सगळ्याची शिसारी यायची. घरी सहा आठवड्यांची मुलगी होती. यातलं काही आपल्यामागे तिच्यापर्यंत जायला नको, एवढा एकच घोर त्याच्या जिवाला होता. आंघोळ करूनही नखं हुंगत बसायचा.

"नेव्ह, हळू! बूट आहे तो, बटाटा नाही," शेवटची आलेली फियोना ओरडली.

"शेणात लोळून आलीस आणि वर तोंड करून बोलतेस? दुसरा पाय!"

बारा बूट झाले. फियोनाही आत गेली.

मग टबात आणखी एक पाय आला.

नेव्हिलने मान वर केली नाही. कंबर मोडली होती. कुणीतरी परत बरबटून आलं असेल, असं समजून घासू लागला. चरबी होती. राखाडी, शिळी, बोटभर जाड. पूर्वी त्या किनाऱ्यावर सील उकळून तेल काढायचे, त्या कढयांच्या बुडाला असते तशी. त्याने जोर लावला.

ब्रश आत रुतला.

बूट नव्हता...

मऊ टाच होती. ब्रशबरोबर कातडीची सालं निघत होती. पाण्यावर तरंगत होती.

"दुसरा... पाय," तो कसाबसा म्हणाला.

दुसरा आला नाही.

वर बघायचं धाडस होईना. हात आपोआप चालत राहिला. चरबी निघाली... आणि हात सवयीने गुडघ्यावर गेला. थाप पडली.

"झालं. जा वर."

बोलून गेला बिचारा!

शिडीवर ओला आवाज. थांबला... पुन्हा तोच पाय. थांबला... मग बोटीच्या आत.

नेव्हिलची आरडाओरड ऐकून कॅप्टनने कोपरा न् कोपरा धुंडाळला. सहाच्या सहा जण जागेवर होते, जास्तीचं कुणी नव्हतं. ब्लफ यायच्या आधी नेव्हिलने कपडे, बूट, ब्रश सगळं भट्टीत जाळलं. दुकानातून नवे कपडे घेतले, ते घालूनच घरी गेला.

"अंगावरची कातडी तेवढी ठेवलीस, उपकार झाले," बायको मारामा हसली. "हळू बोल. आत्ताच न्हाऊ घालून निजवलीय."

तो पाळण्यापाशी गेला. पोर गाढ झोपली होती. त्याने पांघरूण जरासं सरकवलं.

एक तळवा नेहमीसारखा होता.

दुसरा... घासून घासून लालबुंद. आणि बोटांच्या बेचक्यांत तीच राखाडी, शिळी चरबी.