श्वास घेणारं घर

सुधन्वामामा पाठीला हवेची टाकी बांधून धरणाच्या पाण्यात उतरला आणि थोड्याच वेळात रेडिओवरून येणारा त्याचा आवाज येईनासा झाला. तळाशी बुडालेल्या जुन्या गावाची तो मोजणी करत होता. काठावरच्या तंबूत त्याची भाची ओवी आणि नकाशा बनवणारे तिचे शास्त्रज्ञ आजोबा पडद्यासमोर बसले होते. पडद्यावरच्या जलाशयाच्या नकाशात नुसतं निळं, शांत पाणी.

“मामा का दिसत नाही?” ओवीने दोन बोटं पडद्यावर टेकवून फाकवली.

पाणी मोठं झालं नाही. ते नाहीसंच झालं! त्या जागी गल्ल्या आल्या, भिंती आल्या, उघडी दारं आली. माणूस मात्र एकही नाही. ओवीच्या अंगावर काटा आला.

“आजोबा, झूम केलं की तीच वस्तू मोठी दिसते ना?”

“भिंगाखाली मुंगी मोठी दिसते, पण मुंगीच राहते. इथे तसं नाही. याला म्हणतात अर्थलक्षी झूम (जवळ जाताना आकाराऐवजी माहितीच बदलणं). लांबून आपला प्रश्न असतो, पाणी किती? जवळून, घरं कुठे? नकाशा तेवढंच दाखवतो, बाकीचं लपवतो. नाहीतर पडद्यावर सगळी गिचमिड होईल.”

“मग मामालाही लपवलं असेल?”

आजोबांचा चेहरा उतरला. “आणखी जवळ जा. घराघरात शीर!”

ओवीने एक घर उघडलं. भिंती विरल्या. काळ्या पडद्यावर उरली एक सरळ, निश्चल रेघ. पुढच्या घरातही तेच. त्याच्या पुढच्याही. मग देवळामागच्या घरातली रेघ हळूच फुगली, ओसरली. पुन्हा फुगली.

“आजोबा, हे घर श्वास घेतंय!”

“यंत्रमासे (पाण्यातली थरथर टिपणारे छोटे रोबो) बुडबुडे मोजतायत. मामाच तो!”

आजोबांनी बचाव-रोबो सोडला. रेघ मंदावत चालली होती. ओवीने तिच्यावर तळहात ठेवला आणि तो काढलाच नाही.

अखेर रोबो मामाला घेऊन वर आला. “पायावर तुळई पडली,” मामा म्हणाला. “वाटलं, वर कुणाला कळायचंच नाही.”

“आजोबा,” ओवी म्हणाली, “लांबूनही श्वास दिसलाच पाहिजे.”

आजोबांनी नकाशाला अगदी बारीकसा श्वासही लांबून दाखवायला शिकवलं. ओवीने पूर्ण जलाशय पडद्यावर आणला. एक ठिपका थरथरला. मग दुसरा. बघता बघता सगळं पाणी ठिपक्यांनी भरून गेलं. मासे, कासवं, खेकडे...

“यात माणूस कोणता, ते कसं ओळखायचं?” ओवीने हळूच विचारलं.

“तेच आता शोधायचं,” आजोबा म्हणाले आणि त्यांनी तिच्यासाठी खुर्ची जवळ ओढली.