वीस मीटरची हिरवी डबी

सेरोवेच्या टेकडीवर आमच्या रेडिओ क्लबचा तंबू लागला आणि मला पहिल्यांदाच स्वतःचं टेबल मिळालं. म्हणजे, अर्धं. उरलेल्या अर्ध्यावर माझ्या मैत्रिणीने, केनेइल्वेने, माग्विन्यांचा, तळलेल्या गोळ्यांचा, डबा उघडून ठेवला होता आणि तिची बोटं तेलकट झाली होती.

शेजारच्या टेबलावर मोआत्लोदीमामा चाळीस मीटरच्या पट्ट्यावर बोलत होते, मी वीस मीटरच्या. ते बोलले की माझ्या कानात लाह्या फुटायच्या, मी बोलले की त्यांच्या.

"पोरी, स्पर्धा चालू आहे," मामा ओरडले. "जेवणानंतरही हे असंच राहिलं तर तुझं टेबल गेलं."

"फिल्टर लावते ना, मामा!"

"कुठे लावायचा ते तरी माहितीये का?"

नव्हतं माहीत. पण म्हणणार कोण!

क्लबच्या पेटीत तळाशी एक हिरवी डबी सापडली, वर रंगाने '२०' लिहिलेली. असली डबी आपला पट्टा तेवढा आत सोडते, बाकी सगळं अडवते.

"किती हलकी आहे गं, गोराता," केनेइल्वे म्हणाली. "आत आहे ना काही?"

"तुझ्या डोक्यापेक्षा जास्तच."

आधी ती मी अँटेना जुळवून घेणाऱ्या ट्यूनरच्या पलीकडे, अँटेनाच्या बाजूला लावली. लाह्या तशाच. मग डोकं चाललं. तिकडे अँटेनाचे सगळे नखरे असतात. फिल्टरला ते सोसत नाहीत. आधी रेडिओ, मग फिल्टर, मग ट्यूनर. केबल बदलल्या.

लाह्या थांबल्या. नेहमीची खरखरही थांबली. इतकं शांत की तंबूचं कापड फडफडलेलं हेडफोनमधूनही ऐकू येत होतं.

मी हाक दिली. लगेच उत्तर आलं. मग आणखी एक, मग रांगच. सगळे अगदी जवळून बोलल्यासारखे, सावकाश. आपला संकेत, म्हणजे परवान्यावरची अक्षरं-आकडे, सांगायचे, माझा घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "तिथे अजून उजेड आहे ना?"

"आहे की, भरपूर!" मी सांगायची. दूर उत्तरेकडची माणसं असतील, तिकडे लवकर मावळत असेल, असं वाटलं. जून महिना होता, आणि जूनमध्ये उत्तरेकडेच दिवस मोठा असतो, हे तेव्हा सुचलंच नाही.

ऊन कलल्यावर मामा आले. "दुपारभर तुझा एक काटा टोचला नाही मला. पुढच्या वेळी अख्खं टेबल तुझं."

मी केनेइल्वेला मिठीच मारली.

आवराआवर सुरू झाली. बॅटरी गाडीत गेली, अँटेना खाली आली. मामांनी डबी हातात घेऊन जोखली, मग तिचे स्क्रू काढले.

आत काहीच नव्हतं. ना वेटोळं, ना तार. दोन टोकं समोरासमोर, मध्ये रिकामं.

"यातून तर काहीच जाणार नाही," मामा हळूच म्हणाले. "ना आत, ना बाहेर."

केनेइल्वेने माग्विन्यांचा डबा बंद केला.

मामांनी झाकण परत बसवलं. चारही स्क्रू नीट पिळले.

सूर्य टेकडीमागे गेला.

हेडफोन गुंडाळायला मी उचलला. त्याची केबल माझ्या हातात मोकळी लोंबत होती.

दिवसभर मी फक्त संकेत सांगितला होता. नाव कुणालाच नाही.

"गोराता," हेडफोनमधून कुणीतरी सावकाश म्हणालं, "आता मावळला ना?"