दुरुस्त केलेली अक्षरं

युक्रेनमधल्या द्नीस्तर नदीकाठच्या बाराव्या शतकातल्या एका चर्चमध्ये ल्युबोव पेत्रिवना इस्त्री फिरवावी तसा, गिलाव्याखालचं टिपणारा भित्तिवाचक भिंतीवरून फिरवत होत्या. चुन्याच्या थरांखाली नऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी खिळ्याने कोरलेली अक्षरं पडद्यावर एकेक करून उमटत होती. ल्युबोवबाई गावच्या शाळेत इतिहास शिकवत. चर्चच्या किल्ल्याही त्यांच्याकडेच असत. पडद्यासमोर डॉ. हेमांगी परुळेकर बसली होती. झिजलेली अक्षरं भरून काढणारी ‘पूरक’ ही प्रणाली तिने पुण्यात बसून घडवली होती. चर्च मात्र ती प्रथमच पाहत होती.

“वाचा बरं,” ल्युबोवबाई म्हणाल्या.

“देवा, स्तेपानकडे बघ. घरात भाकर नाही.”

“भाकरीला शब्द कोणता आहे?”

“ख्लेब.”

“असं पूरक म्हणतो. भिंतीवर काय आहे?”

हेमांगीने पूरक बंद केला. कच्चं चित्र आलं. मधलं अक्षर झिजलेलं नव्हतंच. खोल, स्वच्छ कोरलेलं होतं. ‘ए’ नव्हे, ‘ई’. ख्लीब.

“युक्रेनमध्ये आम्ही आजही ख्लीबच म्हणतो,” ल्युबोवबाई म्हणाल्या. “स्तेपानला पोथीतलं लिहिता येत नसावं. बोलायचा तसं त्याने लिहिलं.”

हेमांगीचे कान तापले. पूरकाला तिने धर्मग्रंथांच्या पोथ्यांवर शिकवलं होतं. पोथीशी न जुळणारं अक्षर चूक समजून बदलायचं, हा नियम तिचाच. इथून आलेल्या चित्रांवरून पाच वर्षांपूर्वी केलेल्या तिच्या अहवालातल्या चारशे बारा ओळी एकजात पोथीच्या भाषेत होत्या. ‘इथे बोलीचा मागमूस नाही,’ असं तिने ठामपणे लिहिलं होतं. कीवच्या जुन्या राज्यातल्या निरनिराळ्या जमातींतून इथला समाज शतकानुशतकं घडत गेला, हे ज्यांना मान्य नव्हतं, त्यांनी इथल्या लोकांची वेगळी भाषा नव्हतीच, याचा पुरावा म्हणून नेमकं तेच वाक्य उचललं होतं.

“मुलं ते वाक्य मला दाखवायची,” ल्युबोवबाई म्हणाल्या. “मी सांगायचे, बाईंनी यंत्राने तपासलंय, खरंच असेल.”

हेमांगीला मान वर करवेना. “ही भिंत पुन्हा वाचता येईल,” ती कशीबशी म्हणाली.

“आणि उत्तरेकडची? ती तर युद्धात पडली. तिची कच्ची चित्रं तुमच्याकडे असतील ना?”

“नाहीत. संगणकावर जागा अडते म्हणून मीच पुसायला लावली.”

ल्युबोवबाईंनी भित्तिवाचक खाली ठेवला आणि त्या बाकावर बसल्या.

“माझी आई मालवणी बोलायची,” हेमांगी म्हणाली. “कॉलेजातल्या मैत्रिणी घरी आल्या की मी तिला मधेच थांबवून शब्द सुधारायचे. पुढे पुढे त्यांच्यासमोर ती बोलेनाशीच झाली. मला तेव्हा बरं वाटलं होतं.”

हेमांगीने पडद्यावरच्या ‘ख्लीब’वर बोट ठेवलं.

“अहवाल मी मागे घेते. पडलेल्या भिंतीवरच्या एकशे एकेचाळीस ओळींपुढे लिहीन, की वाचन माझ्या प्रणालीने बदललंय, मूळ मीच नष्ट केलं.”

“त्या ओळी कोरणाऱ्यांतले किती जण आमच्यासारखं बोलत होते, याचा काही अंदाज?”

पूरकाने क्षणात आकडा दिला असता. हेमांगीने तो सुरू केला नाही.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “आता कधीच कळणार नाही.”

ल्युबोवबाईंनी मान हलवली. “लिहा तसं. पण डॉक्टर, तुमचं ते पहिलं वाक्य जगभर वाचलं गेलं. ‘माहीत नाही’ हे कोण वाचणार?”