पाचव्या नंबरची रीड

मी रीड कचऱ्याच्या डब्यात फेकली आणि डब्यातून आवाज आला, "किती दिवस वापरलीस?"

मी किंचाळलेच! मग डब्यामागून एक डोकं वर आलं. विस्कटलेले केस, कानावर पेन्सिल आणि हातात मी आत्ताच टाकलेली माझी रीड. दुसऱ्या तुकडीतला तो मुलगा. अख्खी शाळा त्याला 'काटकसर' म्हणते, कारण वही संपली की तो पुठ्ठ्यावर गणितं सोडवतो.

"तुला काय करायचंय?"

"निसर्ग मंडळासाठी मोजतोय. महिन्याभरात बँडच्या खोलीतून एकसष्ट रीड कचऱ्यात गेल्या. ही बासष्टावी." त्याने ती उजेडात धरली. "टोकाचा तुकडा उडालाय बघ. सॅक्सोफोन वाजवतेस की हिने दात कोरतेस?"

आता खरं तर मी त्याला असं काही सुनवायला हवं होतं की त्याने पुन्हा डब्याकडे बघितलं नसतं. मला बोलण्यात कोणी हरवत नाही. घरात मला 'भोंगा' म्हणतात, ते काय फक्त सॅक्सोफोनमुळे नाही! पण त्याने ती रीड फुंकर मारून पुसली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली… आणि मी नुसती बघत राहिले.

माझी रीड. त्याच्या खिशात. का?

रीड म्हणजे काय ते सांगते. सॅक्सोफोन पितळेचा असला तरी बोलते ती रीड. वेतासारख्या गवताची बोटाएवढी पट्टी, टोकाला कागदासारखी पातळ. ती तोंडाजवळच्या भागावर आवळून बसवायची आणि फुंकायचं. ती थरथरली की सूर निघतो. पण एकसारख्या दिसणाऱ्या दहा रीडमधल्या चार गातात, चार कुरकुरतात आणि दोन नुसत्याच रुसून बसतात. शिवाय दोन-तीन आठवड्यांत मरतात बिचाऱ्या.

आणि मला हवी होती एक गाणारी रीड. वार्षिक कार्यक्रमात एकट्याने दोन मिनिटं वाजवायला मिळणार होतं फक्त एकाला. निवड पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी. त्यात आमच्या बँडच्या बाईंचा नियम: ज्या रीडवर निवड होईल, तीच कार्यक्रमात लावायची. मागच्या वर्षी एकाने आयत्या वेळी नवी कोरी रीड लावली आणि भर कार्यक्रमात सॅक्सोफोन असा चित्कारला की पहिल्या रांगेतल्या एका बाळाने भोकाड पसरलं.

"मग नीट पारखून घे ना," काटकसर म्हणाला. "नाहीतर तू चांगली शोधता शोधता आणखी वीस फेकशील."

"आणि पारखणार कोण? तू?"

"मला कान आहेत."

"दिसतंय. एकावर पेन्सिल आहे."

तो हसला. हसला की त्याचा एकच गाल हसतो, डावा. हे मी का लक्षात ठेवलं, विचारू नका. मलाच माहीत नाही.

तर ठरलं असं. शाळा सुटल्यावर रोज चाळीस मिनिटं, बँडच्या सामानाच्या खोलीत. चार रीड वेताच्या आणि पाचवी प्लास्टिकची. ती बाईंच्या कपाटात नवीकोरी पडून होती. प्रत्येकीच्या जाड टोकावर नंबर. तो माझ्याकडे पाठ करून बसणार, मी नंबर न सांगता वाजवणार, तो आवाजाला दहापैकी गुण देणार. नंतर कोणती किती दिवस टिकेल, फेकल्यावर तिचं काय होईल, तेही तो लिहिणार.

"सोप्पं आहे," मी म्हटलं. "वेत मातीत कुजतो, प्लास्टिक कुजत नाही. लिही. संपलं!"

"पण ही एक प्लास्टिकची तुझ्या तीस वेताच्या रीड वाचवेल. आणि तुझी प्रत्येक वेताची रीड येते तीच मुळी प्लास्टिकच्या खोक्यात बसून."

"मग उत्तर काय?"

"कळत नाही गं. म्हणून तर मोजतोय."

इतक्या खात्रीने 'कळत नाही' म्हणणारा मुलगा मी पहिल्यांदा पाहिला. आमच्या वर्गातल्या मुलांना सगळं कळतं.

वेताच्या रीडचे लाड फार. आधी कपातल्या पाण्यात भिजवायच्या. वाजवून झालं की धुवायच्या, पुसायच्या, काचेच्या तुकड्यावर सपाट सुकवायच्या. एखादी वाकडी झाली तर बारीक घासकागदावर हलक्या हाताने घासायची. एकच सारखी वापरायची नाही, आलटून पालटून सगळ्यांना विश्रांती द्यायची. हे सगळं त्याने वाचून काढलं होतं. मग आम्ही काचेच्या दोन बाजूंना बसायचो आणि रीड घासायचो. सुर्र… सुर्र… बाहेर पावसाची पिरपिर, आत वेताचा पिवळा भुगा. एकदा त्याने माझ्या बोटाखालची रीड सरळ केली. एवढंच. पण त्यानंतर मी अर्धा तास तीच रीड घासत होते आणि ती घासून घासून पार कागद झाली! चार नंबर बाद.

"ही काय टिकाऊपणाची परीक्षा आहे का?" तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "तुझ्या डोळ्यांदेखत नापास झाली."

आठ दिवस गेले. तीन नंबर रोज पहिली. पाच नंबर, म्हणजे प्लास्टिकवाली, रोज शेवटची. त्याच्या वहीत तिला चार, साडेतीन, चार.

आणि इथे मला एक कबूल करायचंय. पाच नंबर लावली की मी हनुवटी जराशी ढिली सोडायचे. अगदी जराशी. सूर किंचित खाली बसायचा, फुसका. मुद्दाम करत होते का? हो. का करत होते? मी स्वतःला सांगायचे, वेताचा आवाज उबदार असतो, खरा असतो, प्लास्टिक ते प्लास्टिक. पण वेताची रीड तोंडात असतानासुद्धा माझं लक्ष आवाजाकडे कुठे असायचं! ते असायचं त्याच्या पाठीकडे. शर्टाच्या कॉलरची उजवी बाजू नेहमी आत दुमडलेली. ती बाहेर काढावी की काढू नये, या एका प्रश्नावर माझे चार दिवस गेले.

गुरुवारी घोटाळा झाला. मी पाच नंबर लावत होते आणि त्याच्या पाठीकडे बघून, अगदी सहज, जीभ काढून डोळे तिरळे केले.

त्याचे खांदे हलले.

मी थांबले. पुन्हा तिरळे केले. पुन्हा हलले!

तेव्हा मला दिसलं. तो ज्या कपाटाकडे तोंड करून बसायचा, त्याची दारं काचेची होती. काचेत मी पूर्ण दिसत होते. सॅक्सोफोनसकट, रीडसकट, जिभेसकट.

"तुला दिसतंय?"

तो वळला. डावा गालसुद्धा हसत नव्हता. "पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे कोणती रीड लावते तेही? मग हे गुण?"

"तीन नंबर चांगली आहे… पण पाच नंबर… तिला मी मुद्दाम कमी दिले."

"तू? निसर्ग मंडळवाला? अरे, ती जिंकली असती तर बँडने वर्षभर एकही रीड फेकली नसती! तुझाच फायदा होता!"

तो कानावरची पेन्सिल काढून उगाच तिचं टोक बघत बसला. "ती भिजवावी लागत नाही. सुकवावी लागत नाही. घासावी लागत नाही. एकदा लावली की झालं. मग तू… इथे कशाला येशील?"

कपातल्या पाण्यात दोन नंबर डुबकन बुडाली. मला आनंद झाला होता. मला प्रचंड राग आला होता. दोन्ही एकाच वेळी कसं होतं? आधी कोणतं दाखवायचं असतं?

मी राग दाखवला. "उद्या माझी निवड आहे! आता मी कशावर विश्वास ठेवू?" आणि सॅक्सोफोन पेटीत कोंबून निघाले. माझ्या हनुवटीबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

घरी मी इतकी गप्प होते की ताईने कपाळाला हात लावून बघितला.

"ताप नाही. भोंग्याची वायर तुटली वाटतं?"

मी सगळं सांगितलं. ती उशी पोटाशी धरून ऐकत होती. तिला अशा गोष्टी ऐकताना फार मजा येते, दुष्ट आहे.

"म्हणजे त्याने लबाडी केली."

"हो!"

"आणि तू?"

"मीपण."

"तीच?"

"तीच."

"मग चिडलीस कुणावर?"

"त्याच्यावर… नाही, माझ्यावर… ताई, मला काहीच कळत नाहीये!"

"ते कळेल कधीतरी," ती म्हणाली. "आधी रीड ठरव. उद्या एकटीने उभं राहायचंय तुला."

शुक्रवारी शाळा भरायच्या आधी तो सामानाच्या खोलीबाहेर उभा होता. कॉलर नेहमीसारखी आत.

"हनुवटी," मी धाप टाकत म्हटलं.

"काय?"

"पाच नंबरला मी हनुवटी ढिली सोडायचे. मुद्दाम. रोज. आता विचारू नकोस का ते."

त्याने विचारलं नाही. पण कानापर्यंत लाल झाला. पेन्सिलसुद्धा लाल झाली असेल.

"आता खरं ऐकायचं," मी म्हटलं. "तू बाहेर थांब, दार बंद. मी दोन रीड वाजवणार. तीन आणि पाच, कोणती आधी ते सांगणार नाही. पहिली चांगली वाटली तर एकदा टकटक, दुसरी वाटली तर दोनदा. आणि मनात दुसरं काही आणायचं नाही. शपथ?"

"शपथ."

मी आधी पाच नंबर लावली. हनुवटी घट्ट. डोळे मिटले आणि जेवढा श्वास होता तेवढा सगळा दिला. आणि आई गं… ती गायली! स्वच्छ, सरळ, दाराच्या फटीतून पार पलीकडे गेली असेल. मग तीन नंबर. तीही छान, मऊ, पण वरच्या सुराला जराशी कापली.

दाराबाहेर शांतता. कितीतरी वेळ. मला वाटलं, पळाला.

टक.

मी वाट बघितली. दुसरी टकटक आली नाही.

दार उघडलं. त्याने फक्त माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला कळलं.

"पाच होती ना?"

"हो."

"मग तीच लाव," तो म्हणाला. "खरंच. तीच." आणि वही काखेत मारून भराभरा निघून गेला. एकदाही मागे वळून न बघता. त्याला आवाजावरूनच कळलं असणार, हवं असतं तर त्याने दोनदा वाजवलं असतं, नाही का? मी जिंकावं म्हणून तो हरला होता. की हे माझ्याच मनाचे खेळ?

निवड पडद्यामागून होते, बाईंना वाजवणारा दिसत नाही. मी पाच नंबरवर वाजवलं. पूर्ण दोन मिनिटं. शेवटचा सूर विरला तेव्हा पडद्यापलीकडून बाई म्हणाल्या, "हनुवटी सापडली वाटतं तुझी!" त्यांना कसं कळलं देव जाणे. दुपारी फलकावर माझं नाव लागलं.

मी नाचायला हवं होतं. नाचलेही, खोटं कशाला बोलू! पण शाळा सुटली आणि पाय आपोआप सामानाच्या खोलीकडे वळले. भिजवायला काही नव्हतं. घासायला काही नव्हतं. पाच नंबर पेटीत कोरडी ठणठणीत बसली होती, तिला माझी काही गरज नव्हती.

दार बंद होतं. आतून मात्र आवाज येत होता… सुर्र… सुर्र…

कोणती रीड घासतोय हा? कुणासाठी?

मी दाराला तोंड लावून म्हटलं, "एक प्रश्न आहे. मी इथे फक्त रीडसाठी यायचे, असं वाटत असेल तर एकदा टकटक. तसं वाटत नसेल तर दोनदा."

घासणं थांबलं.

टक.

मी दाराला कान लावला.

टक.

आणि मग, जरा थांबून, अगदी हळू… टक.

"तीन?" मी ओरडले. "तीन म्हणजे काय? तीन ठरलेच नव्हते!"

"मलाही माहीत नाही," आतून आवाज आला. "पण दोन कमी वाटले."

मी दार ढकललं. तो काचेसमोर बसला होता, त्याच्या हातात ती पहिल्या दिवशीची टोक उडालेली बासष्टावी रीड. मी समोर बसले, हात पुढे केला आणि आधी त्याची कॉलर बाहेर काढली.