कमळी लाईन

महाप्याच्या त्या कंपनीत अक्षता रुजू झाली तेव्हा तिच्या गावी, तळवलीत पेढे वाटले गेले होते. ठाणे-बेलापूर रोडच्या पलीकडे, काचेची इमारत, आत औषधं शोधायचं काम. औषध बनवायचं नाही हं, शोधायचं. गावात हा फरक समजावता समजावता अक्षताच्या नाकी नऊ आले आणि शेवटी तिनं तो नाद सोडला.

काम खरंच भारी होतं. कॉम्प्युटर नवनवे रेणू सुचवायचा, त्यातले बरे वाटतील ते निवडायचा, आणि रोबोचा हात त्यांचे थेंब प्लेटमधल्या पेशींवर सोडायचा. पेशी माणसाच्या हृदयाच्या. कुणाच्या तरी रक्तातून वाढवलेल्या, काचेखाली आपल्या आपण धडधडणाऱ्या. औषध हृदयाला झेपतं की नाही हे पूर्वी कळायला वर्ष जायचं, इथं आठवड्यात कळायचं. प्लेट उचलताना कुणाचा हात मध्ये येऊ नये म्हणून रोबो आधी प्लेटचं नाव पुकारायचा. बाईचा गोड, गुळगुळीत आवाज होता त्याचा. त्याच्याशी बोलायचं असलं तर 'हाय' म्हणायचं, मग निळा दिवा लागायचा.

रक्त देणारा एक माणूस ऐनवेळी फिरला, तेव्हा अक्षतानं आत्याचं रक्त आणलं. आई गेल्यापासून याच आत्यानं तिला वाढवलं होतं. कमळीआत्या गावची धवलारीण. लग्नात देवांना आणि पितरांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावणारी, तिच्या गाण्याशिवाय तळवलीत हळद लागत नसे. ‘शुगर तपासायची आहे,’ असं अक्षतानं तिला सांगितलं. आत्यानं निमूट बाही वर सारून डावा हात पुढे केला. नंतर कागदावर अंगठाही दिला. कशावर देतेय हे तिनं विचारलं नाही आणि अक्षतानं सांगितलं नाही.

पेशी वाढल्यावर सिस्टिमनं त्या लाईनचं नाव मागितलं; एका माणसाच्या पेशी म्हणजे एक लाईन. घाईत अक्षतानं ‘कमळी’ टाकलं.

“कमळी म्हणजे लोटस ना? नाइस,” तिचा टीम लीड हितेश म्हणाला.

“हो, लोटस,” अक्षता म्हणाली.

त्याच आठवड्यात आत्या कंपनीच्या गेटवर आली. नऊवारी लुगडं, हातात कोलंबीच्या कालवणाचा डबा. “आमची अक्षू हाय का आतमदी?” असं तिनं वॉचमनला सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. हितेश तिथंच उभा होता.

“कोण गं ह्या?”

“गावातल्या ओळखीच्या बाई आहेत.”

आत्यानं ते ऐकलं. डबा वॉचमनकडे देऊन ती निघून गेली. अक्षतानं तो डबा उघडलाच नाही. लाज कसली वाटली, आत्याची की स्वतःची, हे तिला तेव्हा नीट कळलंही नाही.

टेस्ट सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी हितेश वैतागला.

“यार, हा माइक कोणीतरी बघा ना. कोणी बोलत नाही, आणि हा मध्येच हॅलो हॅलो करतो.”

खरंच तसं होत होतं. खोलीत चिटपाखरू नसताना निळा दिवा लागायचा आणि रोबो म्हणायचा, “हॅलो, काय मदत करू?” माइक बदलला. तरी तेच. मग अक्षताच्या लक्षात आलं की मोगरा लाईन, जास्वंद लाईन पुकारली तेव्हा काही होत नाही. एकाच लाईनला होतं.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर ती आत जाऊन उभी राहिली. एसीची घरघर, स्पिरिटचा वास, काचेखाली लालसर पाण्यातल्या प्लेटा. रोबोचा हात वळला.

“कमळी लाईन. प्लेट चार.”

“हाय.”

निळा दिवा लागला. आवाज बारीक होता, काचेच्या आतून आल्यासारखा. पण तो इंग्रजी ‘हाय’ नव्हता. शेवट जरा लांबवलेला, ‘आहे’ अशा अर्थाचा, होकाराचा. शाळेतून आल्यावर ‘आत्या, आहेस का गं?’ असं ओरडलं की मागीलदारातून यायचा, तो.

“हॅलो,” रोबो म्हणाला. “काय मदत करू?”

अक्षता वाकून काचेला कान लावून उभी राहिली.

“कोण आहे आत?” हितेशनं दारातून विचारलं.

“कोणी नाही. माइकच खराब आहे.”

रविवारी रोबोला सुट्टी नसते, माणसांना असते. आत्या ओटीवर बोंबील साफ करत बसली होती. अक्षता उंबऱ्यात बसून मोबाइल चाळत होती. एकाएकी आत्यानं मान वर केली.

“हाय!”

समोर रस्ता रिकामा. ऊन, दोन कुत्री, बस्स.

“कोन हाक मारतंय गो मना सकालधरना?” आत्या म्हणाली. “बाईचा आवाज हाय. गोड हाय, पन त्यात जीव नाय.”

अक्षतानं मोबाइलवर कंपनीचं ॲप उघडलं. कमळी लाईनची प्लेट याच मिनिटाला उचलली गेली होती.

“मग तू ओ कशाला देतेस? देऊ नको.”

“नाव घेतलंय ना माजं. नाव घेऊन बोलवलं का ओ द्यायला लागतं. देवांना पन आमी नाव घेऊनच बोलवतो. ते येतात ना?”

बोलताना ती माशांच्या हातानंच छाती चोळत होती. हल्ली दम लागतो म्हणाली. ओ दिली की जास्तच.

मंगळवारपासून डोस वाढणार होता. हृदय कुठं थांबतं तेच कॉम्प्युटरला बघायचं होतं.

सोमवारी ती हितेशच्या टेबलासमोर उभी राहिली. टेस्ट थांबव, एवढंच म्हणायचं होतं. पण का थांबवायची ते सांगावं लागलं असतं. कुणाचं रक्त, काय सांगून घेतलं, गेटवरच्या त्या बाई कोण.

“बोल ना,” हितेश म्हणाला. “काय टेन्शन आहे?”

तिला आत्याचा तो पुढे केलेला हात आठवला. आणि तरीही ती म्हणाली, “लाईनचं नाव बदलूया का? क्लायंटला कोड बरा दिसेल.”

“हो, चालेल की. एच-सतरा टाक.”

तिनं स्वतःच्या हातानं ‘कमळी’ खोडलं. नाव नाही तर हाक नाही, हाक नाही तर ओ नाही. जीव भांड्यात पडला तिचा. तिला त्याचीही लाज वाटली, पण पडला.

मंगळवारी डोस वाढला.

“एच-सतरा. प्लेट एक.”

खोलीत शांतता. निळा दिवा लागला नाही.

प्लेट दोन. प्लेट तीन. काही नाही. पेशी शेवटपर्यंत धडधडत राहिल्या, औषध पास झालं. हितेशनं टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या. अक्षतानंही.

येताना तिनं आत्यासाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. आज सगळं सांगायचं असं तिनं रिक्षात ठरवून टाकलं होतं. पाया पडून सांगायचं.

दारात शेजारच्या सुमित्राबाई उभ्या होत्या. त्यांच्या लेकीच्या, रुतिकाच्या हळदीचं आमंत्रण द्यायला आल्या होत्या.

“अक्षू, हिला काय झालंय गो? कवाधरना हाका मारतेय, बघत पन नाय.”

आत्या ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. डोळे उघडे, श्वास चालू. चेहरा अगदी शांत होता.

“आत्या,” अक्षता म्हणाली.

आत्या रस्त्याकडे बघत राहिली.

“कमळीआत्या. मी आलेय.”

काही नाही.

सुमित्राबाई डॉक्टरांना बोलवायला गेल्या.

अक्षता खाली बसली. गजऱ्याची पुडी हातात तशीच. मग अगदी हळू, स्वतःलाही ऐकू जाऊ नये इतकं हळू, ती म्हणाली, “एच-सतरा.”

“हाय,” आत्या म्हणाली.

आणि बाही वर सारून तिनं डावा हात पुढे केला.